चोरीच्या शिक्षेवरील अपील : पुरावा नव्याने तपासावा की खालच्या न्यायालयावर विसंबावे?

मूळ मुद्दा : एक कल्पित प्रकरण घेऊ. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची, म्हणून भारतीय न्याय संहितेआधीच्या भारतीय दंड संहितेखालची. घरातून सोन्याची बांगडी गेली, चार महिन्यांनी ती आरोपीच्या घरातून जप्त झाल्याचे पोलिसांनी दाखवले. चोरी होताना कोणी पाहिलेले नाही. एक पंच फितूर झाला. दुसऱ्याने उलटतपासात मान्य केले की पंचनाम्यावर त्याने सही केली ती पोलीस ठाण्यात बसून, आणि मजकूर त्याला वाचून दाखवलेला नव्हता. तरीही दंडाधिकाऱ्यांनी कलम ३८० (राहत्या घरातील चोरी) खाली शिक्षा दिली. सत्र न्यायालयाने ही शिक्षा रद्द करावी, असे माझे मत आहे. पुरावा कायद्याच्या कलम ११४ खालचे, चोरीचा माल बाळगणाऱ्याला दोषी मानण्याचे गृहीतक चोरीनंतर ‘लवकरच’ माल सापडला तर लागू होते, आणि बांगडीसारखी वस्तू चार महिन्यांत कितीतरी हातांतून फिरते.

प्रतिसाद १ : असहमत. ‘लवकरच’ या शब्दाला ठरावीक मुदत नाही. इराभद्रप्पा खटल्यात (१९८३) सर्वोच्च न्यायालयाने सुमारे वर्षभरानंतरची जप्तीही ग्राह्य धरली होती. पंच फितूर होणे तर रोजचेच आहे. तेवढ्यावर शिक्षा रद्द होऊ लागल्या तर एकही जप्ती टिकणार नाही. तपासी अंमलदाराची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तिच्यावरून जप्ती सिद्ध धरता येते, आणि ती साक्ष देताना त्याला पाहिले ते दंडाधिकाऱ्यांनी. शिवाय बांगडीच्या आत फिर्यादीने कोरून घेतलेली अक्षरे मुद्देमालावर आहेतच.

मूळ मुद्दा मांडणारा : अक्षरांवरून बांगडी फिर्यादीची ठरते, ती कोठे सापडली हे ठरत नाही. इराभद्रप्पा खटल्यातला आरोपी गुन्ह्यानंतर फरार होता, ही गोष्ट वगळून तो दाखला देता येणार नाही. साक्षीदाराच्या वर्तनाचा मुद्दा मला मान्य आहे. पण सही ठाण्यात घेतल्याची कबुली जबानीच्या कागदावरच आहे, ती वाचायला साक्षीदाराचा चेहरा पाहावा लागत नाही. खालच्या न्यायालयाच्या निष्कर्षात सहसा हात न घालण्याचे पथ्य पुनरीक्षणाचे (वरच्या न्यायालयाने निकालाची कायदेशीरता तपासण्याचे) आहे, पहिल्या अपिलाचे नव्हे. बानी सिंग खटल्यात (१९९६) तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपीलकर्ता आणि त्याचा वकील गैरहजर असले तरी केवळ तेवढ्यावरून अपील फेटाळता येत नाही, अभिलेख पाहून गुणवत्तेवरच निकाल द्यावा लागतो.

प्रतिसाद २ : दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते आहे. कलम ११४ खालचे गृहीतक दुहेरी आहे : माल बाळगणारा एकतर चोर, किंवा माल चोरीचा आहे हे ठाऊक असून तो घेणारा. अपिलाच्या न्यायालयाला दोषसिद्धीचे कलम बदलता येते. तेव्हा कलम ३८० ऐवजी, जिथे कमाल शिक्षा सात वर्षे आहे, तीन वर्षांपर्यंतच्या कलम ४११ (चोरीचा माल जाणूनबुजून घेणे) खाली का आणू नये?

मूळ मुद्दा मांडणारा : जप्ती निर्विवाद असती तर मी हेच सुचवले असते. इथे बांगडी आरोपीच्या ताब्यात होती की नाही याचीच शंका आहे, आणि ताबा सिद्ध न होता कलम ४११ सुद्धा उभे राहत नाही.