फुरसुंगी आलं की तुमचंही 'टॉक्' होतं का?

निळीशाई: काल सासवड रोडला अर्धा तास एका जागी अडकलो होतो. समोर पाटी, फुरसुंगी. तोंडातून आपोआप "टॉक्!" निघालं. लेक सहावीत आहे. म्हणाली, बाबा, दात दुखतोय?
आम्ही परभणीचे. लहानपणी 'फास्टर फेणे'ची पुस्तकं वाचून मला पुणं म्हणजे बनेश ऊर्फ फास्टर फेणे (आपला फाफे, तोच तो 'टॉक्'वाला), त्याची शाळा विद्याभवन आणि त्याचं गाव फुरसुंगी. शनिवारवाडा नंतर कळला. 'भा. रा. भागवत' हे दर मुखपृष्ठावर होतंच की, पण ते कधी वाचलंच नाही. गोष्ट कुणीतरी बसून लिहितं, हे डोक्यातच नव्हतं. २००१ मध्ये ते गेले, तेव्हा पेपरात फोटो पाहिला आणि वाटलं, अरे, हे आजोबा होते होय!
तुम्हाला पुस्तकामागचा माणूस कधी सापडला? लिहा.

खारीक_बदाम: फुरसुंगी म्हटलं की आता कचरा डेपोच आठवतो हो 😔

कुकरची_शिट्टी: मी फाफेला पोस्टकार्ड लिहिलं होतं. पत्ता: बनेश फेणे, विद्याभवन, पुणे. सुट्टीत मलाही न्या, मला झाडावर चढता येतं, माली येते तर मी का नको, असं कायकाय. दादांकडे टाकायला दिलं. उत्तर नाही. फाफेवर वर्षभर कट्टी. दादा गेल्यावर त्यांच्या डायरीत ते कार्ड सापडलं. उरलेल्या जागेत दुधाचा हिशोब.

आडगावकर: अगं 😂😂 आणि डोळ्यात पाणीपण

निळीशाई: दादा ग्रेट. कागद वाया नाही.

मद्रासी_मराठी: आमच्याकडे चांदोबा. वेताळाला खांद्यावर घेतलेला विक्रम, हातात तलवार, ते चित्र बघून मी रात्री मोरीत एकटा जायचो नाही. तो वेताळ मला पक्का सातारकडचा वाटायचा. नोकरीला चेन्नईत आलो, वडपळनीत खोली घेतली, तेव्हा कळलं की अंक इथनं निघायचा. चित्रं काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, याच शहरात होते. २०२० मध्ये गेले. गाठ पडली नाही.

खारीक_बदाम: आमच्याकडे चांदोबा न्हाव्याच्या दुकानात. मधली पानं कायम गायब. अर्ध्या राजकन्या अजून कैदेत आहेत.

पुस्तकी_किडा_७१: माझा आणि 'किशोर'चा जन्म एकाच महिन्यातला, नोव्हेंबर १९७१. शाळेत अंक यायचे, पण कपाटाला कुलूप. मुलं फाडतात म्हणे! काचेतून मुखपृष्ठं वाचली. आता बालभारतीनं जुने अंक ऑनलाइन फुकट ठेवलेत. दोन रात्री जागलो. बायको म्हणते, वय काय आपलं.

आडगावकर: लिंक द्या ना

चहाटळ: मला 'राणीची बाग' पाठ होती. विंदा म्हणजे प्राण्यांच्या कविता करणारे काका. त्यांना २००३ चं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा ऑफिसात बोलून गेलो, लहान मुलांच्या कवितांना ज्ञानपीठ, वा! साहेब एमए मराठी. अजून ऐकवतात.

डसेलडॉर्फची_आई: घाईत लिहितेय, पोळ्या चालू आहेत. 'राधाचं घर' रोज रात्री. लेकाला सांगितलं की चित्रंही माधुरी पुरंदरेंनीच काढलीत. तर म्हणतो, मग त्यांना आपलं घर काढायला सांग, मी रंगवीन. आमच्या पिढीला लेखक माहीत नव्हता, हा थेट ऑर्डर देतो.
पोळी करपली. आले.

पुस्तकी_किडा_७१: आडगावकर, 'किशोर मासिक बालभारती' असं शोधा, वरच येईल.

खारीक_बदाम: निळीशाई, सासवड रोडनं जाताच का? मंतरवाडीकडनं वळायचं.

निळीशाई: तिकडे तर ट्रकांची रांग. असो. लेकीला फाफेचा पहिला भाग दिलाय. "यात मोबाइल का नाही?" इथपर्यंत प्रगती.

चहाटळ: कुकरची_शिट्टी, कार्डावर दुधाचा भाव काय हो?

कुकरची_शिट्टी: नेमका तिथंच चहाचा डाग आहे. १४ तारखेला खाडा, एवढं लागतं.