ओढ्यांना पूररेषा हवी की धोक्याचा नकाशा? (पुणे, आंबिल ओढा)

पाणलोट
मुठा नदीला दोन पूररेषा आहेत. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कात्रजच्या डोंगरातून निघून पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल करत मुठेला मिळणाऱ्या आंबिल ओढ्याला मात्र ‘काठापासून ९ मीटर सोडा’ एवढंच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला तेव्हा ओढ्याने ते ९ मीटर किती जुमानले, ते सगळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून मागणी आहे की ओढ्यांनाही लाल-निळी रेषा आखा.

माझा विरोध आहे. मुठेची रेषा खडकवासला धरणाच्या विसर्गावर (सेकंदाला किती पाणी सोडलं त्यावर) बसवता येते. ओढ्याचा पूर ठरतो तो तास-दोन तासांच्या पावसावर आणि मोरीच्या (रस्त्याखालून ओढा नेणाऱ्या छोट्या पुलाच्या) तोंडाशी काय अडकलंय त्यावर. तिथे ‘रेषेच्या आत धोका, बाहेर निर्धास्त’ असं सांगणं म्हणजे फसवणूक. हवा तो पाण्याची खोली आणि वेग रंगांच्या छटांनी दाखवणारा नकाशा, तोही किमान तीन अवस्थांचा: मोऱ्या साफ, मोऱ्या अर्ध्या तुंबलेल्या आणि सीमाभिंत पडलेली. २०१९ च्या त्या रात्री ओढ्याकाठच्या टांगेवाले कॉलनीत माणसं गेली ती भिंत कोसळल्याने. भिंत उभीच राहणार हे गृहीत धरून काढलेल्या नकाशात ती जागा सुरक्षितच दिसली असती.

निळीरेघ
तीन अवस्थांचे तीन नकाशे घेऊन बांधकाम परवाना विभागात जा. तिथला अभियंता पहिला प्रश्न विचारेल, ‘यातला कुठला लावू?’ आणि बिल्डरचा वास्तुविशारद त्यातला सर्वात सौम्य नकाशा पुढे करेल. रेषा ढोबळ असते हे मान्य, पण ती सर्व्हे नंबरवर उतरते, विकास आराखड्यात छापता येते, न्यायालयात टिकते. रंगांच्या छटा टिकत नाहीत.

पाणलोट
टिकून काय उपयोग झाला? २५ जुलै २०२४ ला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफुटांच्या) आसपास होता, निळी रेषा ६० हजारांची. तरी सिंहगड रस्त्यावर एकतानगरी बुडालीच.

निळीरेघ
हे उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. एकतानगरीचा बराचसा भाग निळ्या रेषेच्या आतच आहे. आतल्या भागात ६० हजारांच्या खूप आधी पाणी येणारच, रेषा ही बाहेरची हद्द असते. तिथे रेषा चुकली नाही, पाळली गेली नाही.

गाळमाप्या
रेषा की रंग हे भांडण नंतर. दोन्ही ज्या जमिनीच्या नकाशावर काढणार, तो कुठून आणणार? फुकट मिळणारी उपग्रहाची उंचीमाहिती ३० मीटरच्या चौकटीची असते. ८-१० मीटर रुंदीचा ओढा त्यात चक्क नाहीसा होतो आणि उंचीतली चूक काही मीटरांची. ड्रोनने नुसते फोटो घेऊन केलेला नकाशा झाडांचे शेंडे जमीन म्हणून धरतो, पाण्याखालचा तळ तर दाखवतच नाही.

किमान एवढं हवं: दर २५ ते ५० मीटरवर टोटल स्टेशनने (अंतर आणि उंची मोजणाऱ्या सर्वेक्षण यंत्राने) पात्राचा आडवा छेद, प्रत्येक मोरीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला आणखी एकेक. मोरीची रुंदी-उंची, तळपातळी, स्लॅबची पातळी, कठडा भरीव की जाळीचा, आणि तोंडातून आडवी गेलेली जलवाहिनी किंवा केबल. ही शेवटची नोंद हमखास राहते, आणि फांद्या, गाद्या, प्लास्टिक अडकतं ते नेमकं तिथेच. पूर मोजताना अडथळा धरायचा तो इथे, सरसकट सगळ्या मोऱ्यांना ५० टक्के लावून नाही.

खडबडीतपणाचा सहगुणकही (पात्र वाहत्या पाण्याला किती अडवतं त्याचा आकडा) असाच वरवर धरला जातो. काँक्रीटच्या पात्राला ०.०१५ ठीक, पण झुडपं माजलेल्या पात्राला ०.०६ ते ०.०८ लागतो. सहगुणक दुप्पट केला की त्याच पातळीला विसर्ग निम्मा. नालेसफाईनंतरच्या फोटोवरून आकडा धरला तर सप्टेंबरचा पूर कागदावर पात्रातच मावतो!

ठोकताळा
एवढा खर्च कशाला? २०१९ च्या पुराच्या खुणा घ्या, समतल यंत्राने पातळ्या काढा, जोडा. तो प्रत्यक्ष आलेला पूर आहे, संगणकातला नाही.

गाळमाप्या
खुणा हव्यातच, पण नुसत्या जोडून चालत नाही. पुलाच्या खांबाला वरच्या अंगाला पाणी आपटून चढतं. वेग सेकंदाला ३ मीटर असेल तर ही चढ ४५ सेंटिमीटरच्या घरात जाते. ती खूण पुराची पातळी म्हणून घेतली की पुढचं सगळं अर्धा मीटर चुकतं. बंद खोलीतल्या भिंतीवरची गाळाची रेघ सर्वात विश्वासाची, कुंपणावरचं गवत त्याखालोखाल. आणि २०१९ नंतर कुठे भिंती, कुठे मोऱ्या बदलल्या असतील, तर जुनी खूण आजच्या पात्राला तशीच लागू होत नाही. ती संगणकातलं पुराचं मॉडेल तपासायला वापरा, मॉडेलऐवजी नको.

पाणलोट
पावसाबद्दल कोणी बोललं नाही. १० किलोमीटर लांबी आणि सरासरी १ टक्का उतार धरला तर किरपिचच्या सूत्राने (लांबी आणि उतारावरून वेळ काढणाऱ्या) पाणी खालपर्यंत यायला साधारण सव्वादोन तास लागतात, काँक्रीट झालेल्या भागात त्याहून कमी. म्हणजे शिवाजीनगर वेधशाळेचा २४ तासांच्या पावसाचा आकडा इथे निरुपयोगी. कात्रजच्या बाजूला १५ मिनिटांची नोंद देणारी पर्जन्यमापकं हवीत. १०० हेक्टरवर ताशी १०० मिलिमीटर पडले तर झाडीच्या टेकडीवरून (पावसातला वाहून येणारा वाटा ०.३५) सेकंदाला १० घनमीटरच्या आत पाणी येतं, सिमेंट झालेल्या उतारावरून (०.८) २२ च्या वर. हे गणित छोट्या तुकड्यांपुरतं. अख्ख्या ओढ्याला हायड्रोग्राफ (वेळेनुसार विसर्ग कसा चढतो-उतरतो त्याचा आलेख) लागतो, कारण मध्ये कात्रजचे तलाव आहेत. सप्टेंबरचा पूर मोजताना ते सांडव्यापर्यंत भरलेलेच धरायला हवेत.

आता रंगांचं. ऑस्ट्रेलियातल्या वर्गवारीत मीटरमधली खोली गुणिले सेकंदाला मीटरमधला वेग ०.६ च्या वर गेला की धडधाकट माणूसही सुरक्षित नाही, १ च्या वर इमारतींनाही धोका. ४० सेंटिमीटर पाणी, वेग २: गुणाकार ०.८. गुडघाभर पाणी, पण जीवघेणं. तुमची रेषा हे दाखवते का?

निळीरेघ
दाखवत नाही, मान्य. म्हणून तो नकाशा अग्निशमन दलाला द्या, वस्ती कधी हलवायची ते ठरवायला. परवान्यासाठी मात्र एकच अवस्था ठरवून शासनाने जाहीर करावी: १०० वर्षांचा पाऊस, तलाव भरलेले, गाळमाप्या म्हणतात त्या मोऱ्या तुंबलेल्या, मुठेला पूर. तिची हद्द हीच ओढ्याची लाल रेषा. ‘१०० वर्षांतून एकदा’ ऐकून लोक निवांत होतात, पण ३० वर्षांच्या गृहकर्जात तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के आहे.

ठोकताळा
मुठेला पूर आणि ओढ्याला पूर एकाच वेळी धरणं जास्तच होतं. डोंगरातला पाऊस रात्रीत ओसरतो, धरणाचा विसर्ग दिवसन् दिवस चालतो.

पाणलोट
दिवसन् दिवस चालतो म्हणूनच गाठ पडते. पण १०० वर्षांचा ओढा आणि १०० वर्षांची मुठा एकत्र नकोत, तिथे तुम्ही बरोबर. मुठेची निळ्या रेषेची पातळी धरून खालून वर पाणी किती तुंबतं ते काढा. वरच्या अंगाला फरक पडणार नाही, दांडेकर पुलाखाली पडेल. निळीरेघ, एक अवस्था जाहीर करायला हरकत नाही, पण त्यात भिंत पडलेलीच धरा.

निळीरेघ
सगळ्या भिंती पडलेल्या धरल्या तर निम्मं सहकारनगर लाल होईल. पाया आणि पाणी निचरायची छिद्रं तपासून जी भिंत नापास होईल, तेवढीच.