मदत हवी आहे: बटालियन चीफ, लॅडर कंपनी वगैरेंना मराठीत काय म्हणायचं? (तातडीचं)

कोरा_कागद:
नमस्कार मंडळी. एका लेखाचं भाषांतर करतोय, परवा सकाळी द्यायचंय. पंधरापैकी अकरा पानं झाली आणि आता आगीच्या प्रसंगात घोडं अडलंय. इंजिन कंपनी, लॅडर कंपनी, लेफ्टनंट, कॅप्टन, बटालियन चीफ, डेप्युटी चीफ यांना मराठी शब्द हवेत. मशिनने 'शिडी कंपनी' दिलंय, ते कृपया सुचवू नका. लवकर सांगा.

शब्दवेडा:
यात अडण्यासारखं काय आहे? कंपनी म्हणजे पथक, बटालियन म्हणजे पलटण. शिडीपथक, बंबपथक, पथकनायक, उपनायक, पलटणप्रमुख. झालं.

अंजू_वाचते:
लेख कुठल्या देशातला आहे? कुठल्या शहरातला?

कोरा_कागद:
देशाने काय फरक पडतो? अग्निशमन दल ते अग्निशमन दल. @शब्दवेडा, धन्यवाद. 'पलटणप्रमुख आपली पलटण घेऊन धावत आला' असं वाक्य केलंय. बरोबर वाटतंय ना?

निवृत्त_जवान:
फरक पडतो. मी मुंबईत नोकरी केली. आमच्याकडे बटालियन नाही आणि लेफ्टनंटही नाही. अग्निशामक, प्रमुख अग्निशामक, मग अधिकाऱ्यांत सहायक केंद्र अधिकारी, केंद्र अधिकारी, सहायक विभागीय अग्निशमन अधिकारी, विभागीय, उपप्रमुख, आणि सगळ्यांत वर प्रमुख अग्निशमन अधिकारी, म्हणजे भायखळ्याचे साहेब. केंद्र हा आमचा पाया. तुमच्या लेखात पाया कंपनी आहे, म्हणजे बहुतेक अमेरिका.

हडसनकाठ:
अमेरिकाच. तीही लॉस अँजेलिस नव्हे, कारण तिथल्या शहर दलात लेफ्टनंट हा हुद्दाच नाही, थेट कॅप्टन. लेखात रस्त्यांची नावं असतील ना हो? शहर सांगून टाका की.

कोरा_कागद:
न्यूयॉर्क. मला वाटलं ते उघड आहे.

अंजू_वाचते:
आम्हाला कसं उघड असेल? लेख तुमच्याकडे आहे. 😀

हडसनकाठ:
मग ऐका. मी दलात नाही, पण आमच्या घराला लागूनच फायरहाऊस आहे आणि पोरगा लहान असताना आमचा अर्धा रविवार तिथेच जायचा.

तिथे कंपनी म्हणजे एक गाडी आणि तिच्यावरची माणसं. इंजिन कंपनी पाण्याची: हायड्रंटला, म्हणजे रस्त्यावरच्या पाण्याच्या नळाला जोडायचं, होज (पाण्याचा पाइप) आत न्यायचा, आग विझवायची. लॅडर कंपनी दार फोडते, माणसं शोधते, छपराला भोक पाडून धूर आणि उष्णता बाहेर काढते. लॅडरवाल्यांच्या गाडीत पाणी नसतं म्हटलं तरी चालेल. दोन्ही गाड्या बऱ्याचदा एकाच इमारतीत राहतात आणि एकमेकांची जन्मभर टिंगल करतात.

प्रत्येक कंपनीला एक कॅप्टन आणि तीन लेफ्टनंट. चौघे पाळीपाळीने येतात, गाडीवर एका वेळी त्यांतला एकच. कंपनीची एकूण जबाबदारी कॅप्टनची. अशा काही कंपन्या मिळून बटालियन, काही बटालियन मिळून डिव्हिजन, आणि डिव्हिजनला डेप्युटी चीफ.

आता तुमचा पलटणप्रमुख. तो पलटण घेऊन वगैरे येत नाही हो. एका मोटारीतून येतो, सोबत एक ड्रायव्हर. हातात होज नाही, कुऱ्हाड नाही. रस्त्यात उभा राहून इमारत न्याहाळतो आणि वायरलेसवर बोलतो. गाड्या आपापल्या कंपनीच्या अधिकाऱ्याबरोबर आधीच आलेल्या असतात.

शब्दवेडा:
येतो मोटारीतून तर येऊ दे. शब्द पलटणप्रमुखच योग्य. 'महापौर' हा सावरकरांचा शब्द आला तेव्हाही लोक हसले असतील. आज कोणाला खटकतो?

निवृत्त_जवान:
महापौर शहरात एकच असतो. पलटण म्हटलं की वाचकाला दोनशे माणसं कवायत करताना दिसतात. माझं मत, लेफ्टनंट, कॅप्टन, बटालियन चीफ तसेच ठेवा. आम्ही 'स्टेशन ऑफिसर' तसंच म्हणायचो. केंद्र अधिकारी कागदावर असायचं, हाकेत नाही.

पक्या_१२:
काका, अग्निशामकची भरती कधी निघणार आहे? उंची किती लागते?

निवृत्त_जवान:
महापालिकेची जाहिरात बघत राहा. हा धागा त्याचा नाही.

कोरा_कागद:
बरं, हुद्दे तसेच ठेवतो. पण 'कंपनी' ठेवली तर वाचकाला वाटेल कारखान्याची माणसं आली. 'इंजिन कंपनीने दार तोडलं' हे विमा कंपनीच्या तक्रारीसारखं वाटतं. आणि आणखी दोन वाक्यं अडलीत:
१) आग 'थर्ड अलार्म'ला गेली. मी 'तिसरा भोंगा वाजला' केलंय.
२) एका जवानाने 'आयर्न्स' उचलले. इस्त्र्या?? आगीत इस्त्र्या कशाला?

अंजू_वाचते:
इस्त्र्या 🤣🤣 कपडे चुरगळले असतील बिचाऱ्याचे. हलके घ्या.

हडसनकाठ:
आयर्न्स म्हणजे दार फोडायची जोडी: कुऱ्हाड आणि हॅलिगन. हॅलिगन ही न्यूयॉर्कच्याच ह्यू हॅलिगन यांनी १९४८ मध्ये केलेली पहार. एका टोकाला दुबेळकं, दुसऱ्या टोकाला आडवं पातं आणि अणकुचीदार खिळा. दुबेळकं दार आणि चौकटीच्या फटीत घालायचं, कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकायचं, मग पहार दाबायची. दोन्ही एकमेकांत अडकवून एका हातात धरतात, म्हणून जोडी.

निवृत्त_जवान:
'पहार-कुऱ्हाड' लिहा. मराठी वाचकाला लगेच दिसेल.

भोंगा मात्र चूक. थर्ड अलार्म म्हणजे तिसऱ्या टप्प्याची कुमक मागवली. आमच्याकडे आगीची पातळी जाहीर करतात, लेव्हल एक, दोन, तीन. पातळी चढली की जादा गाड्या आणि वरचे अधिकारी निघतात.

शब्दवेडा:
भोंगा अगदीच चूक नाही. रस्त्याच्या कोपऱ्यावर तारयंत्राच्या पेट्या असायच्या. पेटी ओढली की तिचा नंबर फायरहाऊसमध्ये घंटेच्या ठोक्यांनी वाजायचा. पहिली अशी शहरी यंत्रणा बॉस्टनमध्ये १८५२ साली. अलार्म शब्द तिथूनच मुरलाय. तेव्हा घंटा होती, हे मान्य करा.

निवृत्त_जवान:
घंटा मान्य. भोंगा नाही.

सोसायटी_सेक्रेटरी:
सगळ्यांना विनंती, आपापल्या इमारतीचं फॉर्म बी (आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा भरा. २००६ च्या महाराष्ट्र कायद्यानुसार ते मालक किंवा सोसायटीचं काम आहे, परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून. आमच्याकडे पंप होता, डिझेल नव्हतं. कोणी बघितलंच नव्हतं.

अंजू_वाचते:
अवांतर, पण उपयोगी. आमचा पंप बघायला उद्याच सांगते.

कोरा_कागद:
कृपया विषयावर या, माझा उद्याचा एकच दिवस उरलाय. 'तिसऱ्या टप्प्याची कुमक मागवली' घेतो. आता 'फायर कमिशनर' आणि 'चीफ ऑफ डिपार्टमेंट' दोघं एकाच पानावर आहेत. दोघांनाही मी 'प्रमुख' केलं, संपादक वैतागल्या. शिवाय एक 'फायर मार्शल' पिस्तूल घेऊन येतो. छपाईची चूक असावी, मी पिस्तूल काढून टाकलं.

हडसनकाठ:
पिस्तूल परत घाला! तिथले फायर मार्शल आगीच्या कारणाचा तपास करतात, शस्त्र बाळगतात, जाळपोळ करणाऱ्याला अटकही करतात.

कमिशनर महापौर नेमतो. तो दलाचा प्रशासकीय प्रमुख, गणवेशाच्या उतरंडीबाहेरचा. चीफ ऑफ डिपार्टमेंट गणवेशातला सर्वोच्च अधिकारी.

निवृत्त_जवान:
'आयुक्त' म्हटलं तर आपल्याकडे महापालिका आयुक्तच डोळ्यांसमोर येतात. 'अग्निशमन आयुक्त' असं पूर्ण लिहा. दुसऱ्याला 'दलप्रमुख'. आणि जाळपोळीचा तपास आपल्याकडे पोलिसांचा, म्हणून मार्शल तसाच ठेवा, एका ओळीत समजावून सांगा.

हडसनकाठ:
लेखातली आग कुठल्या सालची?

कोरा_कागद:
१९७० च्या दशकातली. का? त्याने काय होतंय?

हडसनकाठ:
कारण वर कुठे रुग्णवाहिका आली असेल तर ती तेव्हा दलाची नव्हती. शहराची रुग्णवाहिका सेवा दलात आली १९९६ मध्ये.

कोरा_कागद:
अरे देवा. मुळात नुसतं 'रुग्णवाहिका' होतं. 'अग्निशमन दलाची' हे मी पदरचं घातलं, वाक्य रिकामं वाटत होतं म्हणून. काढतो.

अंजू_वाचते:
आणि कंपनीचं काय ठरलं?

निवृत्त_जवान:
पहिल्या उल्लेखात 'पाण्याची गाडी', 'शिडीची गाडी', आणि पुढे सरळ 'पाणीवाले' आणि 'शिडीवाले'. नाहीतरी ते गाडीवरूनच ओळखले जातात.

शब्दवेडा:
'बंबवाले' काय वाईट आहे?

अंजू_वाचते:
आमच्याकडे बंबात आंघोळीचं पाणी तापायचं.

कोरा_कागद:
पाणीवाले-शिडीवाले भारी आहे, घेतलं. आता हे बघा आणि शेवटचं सांगा: 'शिडीवाल्यांचा लेफ्टनंट पहार-कुऱ्हाड घेऊन जिन्याने वर धावला. खाली रस्त्यात बटालियन चीफ एकटाच उभा, मान वर करून खिडक्या मोजत होता. त्याने तिसऱ्या टप्प्याची कुमक मागवली.'

हडसनकाठ:
छान. फक्त पहार-कुऱ्हाड लेफ्टनंटच्या हातात नको. ती त्याच्या शेजारच्या जवानाकडे असते. मूळ वाक्य बघा.

कोरा_कागद:
बघितलं. मुळात जवानच आहे. लेफ्टनंट त्याच्या मागे आहे, मीच दोघांना एक केलं.

पक्या_१२:
काका, उंचीचं राहिलं.