‘ट्रकिंग एनओसी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (पुणे)

मी ज्या कार्यालयात काम करते, तेथे अमेरिकेतील कामगार-भरपाई विम्याच्या पॉलिसींची छाननी होते. नव्याने रुजू होणारी बरीच मुले मराठी माध्यमातून आलेली असतात, म्हणून त्यांच्यासाठी मी वर्गसंकेतांचे, म्हणजे विम्यासाठी प्रत्येक प्रकारच्या धंद्याला दिलेल्या क्रमांकांचे, एक मराठी टिपण तयार करीत आहे. तिकडच्या बहुतेक राज्यांत हे संकेत नॅशनल कौन्सिल ऑन कॉम्पेन्सेशन इन्शुरन्स ही संस्था ठरवते. त्यात मालवाहू ट्रकच्या धंद्याचा संकेत ७२१९ असून ‘ट्रकिंग’ या शब्दापुढे ‘एनओसी’ (नॉट अदरवाइज क्लासिफाइड) ही अक्षरे येतात. ज्या ट्रक-धंद्याला याहून नेमका संकेत नाही तो या वर्गात घालायचा, एवढाच त्यांचा अर्थ. परंतु टिपण तपासणाऱ्या सहकाऱ्याने तेथे ‘ना-हरकत प्रमाणपत्रधारक ट्रक वाहतूक’ अशी दुरुस्ती केली, आणि एका नव्या मुलीने एका अमेरिकी ट्रकमालकाच्या कागदपत्रांत ते प्रमाणपत्र शोधण्यात अर्धा दिवस घालवला. मी मुळात ‘अन्यत्र वर्गीकृत न केलेली ट्रक वाहतूक’ असे लिहिले होते. याहून सुटसुटीत शब्द कोणी सुचवील काय?

प्रतिसाद (मुंबई)

सरकारी तक्त्यांत ‘अन्यत्र नमूद न केलेले’ अशी शब्दयोजना आढळते, तीच ठेवावी. ‘इतर’ मात्र लिहू नये, कारण ‘इतर’ म्हटले की उरलेसुरले असा भाव येतो, आणि येथे तर धंद्याचा मोठा भाग याच वर्गात मोडतो. माझा आक्षेप ‘ट्रक वाहतूक’ या शब्दांना आहे. स्वतःच्या दुकानातले फर्निचर गिऱ्हाइकाच्या घरी पोचवणाऱ्याकडे ट्रक असतो, तोही वाहतूक करतो, तरी त्याचा धंदा दुकानदारीचाच धरला जातो. ७२१९ हा भाडे घेऊन दुसऱ्याचा माल वाहणाऱ्याचा वर्ग आहे. शिवाय वर्गीकरण होते ते धंद्याचे, माणसांचे नव्हे. चालक, फलाटावर माल चढवणारे आणि ट्रक दुरुस्त करणारे असे सगळे एकाच संकेताखाली येतात; केवळ टेबलावर बसून कारकुनी करणाऱ्यांना ८८१० हा वेगळा संकेत मिळतो. म्हणून ‘ट्रक कामगारांचे वर्गीकरण’ असे शीर्षक दिले असल्यास ते आधी बदलावे.

प्रतिसाद (सोलापूर)

दुसऱ्याचा माल भाड्याने वाहणारा, या अर्थाचा शब्द मराठीत आहेच, आणि तो म्हणजे हुंडेकरी. माझे आजोबा बाजारपेठेत हुंडेकरी होते. त्यांच्या वहीत ‘हुंडा ठरला’ अशी नोंद असे, म्हणजे गाडीभाडे, हमाली, वाटेतला कर, सगळे धरून एकच उक्ती रक्कम. आपल्याकडे धडधडीत शब्द असताना ‘अन्यत्र वर्गीकृत न केलेली’ अशी पाच-सहा शब्दांची ओळ का ओढावी, हे मला समजत नाही.

प्रतिसाद (ठाणे)

आपल्या आजोबांच्या वहीबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, की आज पंचविशीतल्या मुलीपुढे ‘हुंडेकरी’ लिहिले तर तिला लग्नातला हुंडा घेणाराच आठवेल. ‘एनओसी’ने जो घोटाळा केला तोच हा शब्द करील. भाषा वापरणाऱ्यांची असते, वह्यांची नसते. शिवाय हुंडेकऱ्याचे स्वतःचे ट्रक असतातच असे नाही. तो दुसऱ्याची गाडी लावून देतो, आणि अशा मध्यस्थाला ट्रक चालवणाऱ्या कंपनीच्या पंक्तीला बसवणे विमा-व्यवहारात चुकीचे ठरेल.

प्रतिसाद (सोलापूर)

लग्नातल्या देण्याला हुंडा म्हणतात ते मुळात याच ठरवून टाकलेल्या एकरकमी बोलीवरून, असे मी समजतो. एका वाईट प्रथेने शब्द पळवला म्हणून तो आपण सोडून द्यायचा काय?

प्रश्नकर्ती (पुणे)

या वादात मला अनपेक्षितपणे एक उपयोगी गोष्ट सापडली. ट्रक कंपनी स्वतःच्या गाडीचा मालक असलेल्या चालकाला काम देते, त्या चालकाचा स्वतःचा भरपाई विमा नसतो, आणि कंपनी त्याला डिझेल, झीज, मजुरी मिळून एकच रक्कम चुकती करते. विम्याचा हप्ता तर दर १०० डॉलर पगारामागे आकारला जातो. मग या रकमेत पगार किती? प्रत्यक्ष नोंद नसेल तर एकूण कराराच्या एक-तृतीयांश रक्कम चालकाची मजुरी धरावी, असा तिकडचा नियम आहे. म्हणजे ९०,००० डॉलर दिले असतील तर हप्त्यासाठी ३०,००० डॉलर पगार. या एकत्रित रकमेसाठी मला आजवर शब्द मिळत नव्हता. ती तर ‘हुंडा’च झाली! वर्गाचे नाव म्हणून ‘हुंडेकरी’ मी घेणार नाही, पण या रकमेसाठी ‘हुंडा’ घ्यावा असा मोह होतो.

प्रतिसाद (ठाणे)

तो मोह आवरावा. ‘उक्ती रक्कम’ म्हणा, सर्वांना कळते.

प्रतिसाद (अहिल्यानगर)

पूर्वी तिकडे जवळची वाहतूक ७२२८ आणि लांब पल्ल्याची ७२२९ असे दोन संकेत होते, त्यांची सीमा २०० मैलांच्या त्रिज्येची होती, आणि पुढे ते दोन्ही ७२१९ मध्ये विलीन झाले. जुन्या पॉलिसींत ते भेटतीलच, तेव्हा टिपणात त्यांचा उल्लेख हवा. २०० मैल म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटर. या हिशेबाने सोलापुरातला ट्रक पुण्याला गेला तर जवळचा, मुंबईला गेला तर लांब पल्ल्याचा. पण ‘पल्ला’ या शब्दाविषयी मला कुतूहल आहे. धान्याचा पल्ला १२० शेरांचा, म्हणजे तीन मणांचा. एवढे ओझे लादलेला बैल एका दमात जेवढे अंतर काटेल तो पल्ला, असे माझे वडील सांगत.

प्रतिसाद (मुंबई)

वडिलांचे सांगणे मोहक आहे, परंतु मापाचा पल्ला आणि अंतराचा पल्ला एकाच मुळाचे आहेत याला पुरावा हवा.

प्रतिसाद (नांदेड)

मी १४ वर्षे ट्रक चालवला, आता मुलगा चालवतो. आपण सर्व जण चालकापाशी थांबलात. त्याच्या शेजारी बसणाऱ्याला काय म्हणणार? आम्ही क्लीनरला किन्नर म्हणतो. आमच्या गाडीला अपघात झाला तेव्हा पंचनाम्यात ‘ट्रकमधील किन्नर जखमी’ असे लिहिले गेले. भरपाईच्या दाव्याच्या वेळी समोरच्या साहेबांनी तो शब्द तृतीयपंथीय या अर्थाने वाचला आणि हा माणूस गाडीवर नोकर होता हे सिद्ध करा म्हणून आम्हाला चार वेळा परत पाठवले. खरे तर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या भरपाई कायद्याच्या सुधारित व्याख्येत चालक, मदतनीस, मेकॅनिक यांच्या जोडीने क्लीनरचा स्पष्ट उल्लेख होता. त्याचा उजवा पाय अजूनही नीट टेकत नाही. आपल्या टिपणात ‘सर्व कर्मचारी व चालक’ असे लिहाल तेव्हा त्या ‘सर्व’मध्ये तो दिसेल असा शब्द वापरा, एवढीच विनंती.

प्रश्नकर्ती (पुणे)

दादा, अमेरिकेच्या ट्रकवर क्लीनर सहसा नसतोच, त्यामुळे माझ्या टिपणात तो शब्द येणार नव्हता. परंतु फलाटावरचे हमाल आणि दुरुस्ती करणारे ‘सर्व कर्मचारी’ या शब्दांत बुडतात हे खरे आहे, आणि मी त्यांची नावे एकेक करून लिहीन. ‘एनओसी’चे मात्र अजून अडले आहे.

प्रतिसाद (सोलापूर)

किन्नर हा क्लीनरचाच अपभ्रंश आहे की आधीच्या ‘किन्नर’ शब्दाशी तो मुद्दाम जुळवून घेतला गेला, याविषयी नांदेडच्या दादांनी जुन्या चालकांना विचारून कळवावे.