रीमा लागू: ‘आई’च्या शिक्क्याने त्यांच्यावर अन्याय झाला का?

तिसरी घंटा:
रीमा लागूंचा विषय निघाला की ‘पडद्यावरची लाडकी आई’ एवढ्यावर सगळं आटोपतं. १८ मे २०१७ला त्या गेल्या, तेव्हाच्या बातम्यांतही सलमानची आई, शाहरुखची आई हेच चाललं होतं. मला ते तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. माझं सरळ मत आहे की हिंदी सिनेमाने या बाईंचं नुकसान केलं.

माहेरच्या त्या नयन भडभडे, जन्म २१ जून १९५८चा. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या, त्यामुळे नाटक घरातच होतं. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’मध्ये नाना पाटेकरांच्या गुलाबरावासमोर त्यांची अंबिका होती. अत्याचार सोसून गप्प न बसणारी, गुलाबरावाला स्वतःच्या हाताने शिक्षा करणारी शिक्षिका. ‘सविता दामोदर परांजपे’ तर त्याहून अवघड. घरातली साधी बायको आणि तिच्या देहाचा ताबा घेतलेली दुसरीच बाई, दोन्ही एकाच नटीने प्रेक्षकांसमोर उभ्या करायच्या. कॅमेरा नाही, रीटेक नाही.

अशा नटीला १९८८मध्ये ‘कयामत से कयामत तक’साठी जुही चावलाची आई केलं गेलं. तेव्हा त्यांना तिशीही लागलेली नव्हती! पुढच्याच वर्षी ‘मैंने प्यार किया’. सलमान त्यांच्याहून साडेसात वर्षांनी लहान. ‘वास्तव’मधला मुलगा संजय दत्त तर अवघ्या तेरा महिन्यांनी. हिंदीतली त्यांची एक तरी मोठी नायिकेची भूमिका कुणी सांगेल का?

चाफा:
अजिबात पटलं नाही. त्यांच्याआधीची हिंदी आई आठवा. पांढरं लुगडं, खोकला आणि देवासमोर गाऱ्हाणं. रीमाताईंनी ती बाई बदलली. त्यांची आई नीटनेटकी, हसरी, मुलाच्या प्रेमाची बाजू घेणारी आणि वेळ आली तर नवऱ्यालाही दोन शब्द ऐकवणारी आहे. नव्वदच्या दशकात आमच्या पिढीला अशी आई हवीशी वाटायची, ती त्यांच्यामुळे.

आणि ‘वास्तव’चं उदाहरण तुम्ही वयाच्या हिशेबात उडवून लावलंत, याचं वाईट वाटलं. ‘पचास तोला’ हा संवाद सगळ्यांना पाठ आहे. एकदा तो प्रसंग लावा आणि संजय दत्तकडे न बघता फक्त समोरच्या आईकडे बघा. मुलगा गळ्यातली साखळी नाचवतोय आणि हे सोनं कुठल्या वाटेने घरात आलं ते तिला कळून चुकलंय. तिला वेगळं काही बोलावंही लागत नाही. हीच आई शेवटी स्वतः त्याच्यावर गोळी झाडते. असं करायला मिळणं हे नुकसान असेल, तर नुकसानाची तुमची व्याख्या मला समजलेली नाही.

शुक्रतारा:
वयाचा मुद्दा एकट्या रीमांचा नाही. १९८२च्या ‘शक्ती’त राखी अमिताभची आई होती, आणि ती अमिताभपेक्षा पाच वर्षांनी लहान! इंडस्ट्रीची रीतच ती.

तिसरी घंटा:
रीत जुनी आहे म्हणून ती योग्य ठरत नाही, शुक्रतारा. अनुपम खेरचं बघा. ‘सारांश’ आला तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता आणि त्याने निवृत्त म्हातारा केला. त्याच्यावर शिक्का बसला का? दोन वर्षांत ‘कर्मा’चा खलनायक डॉक्टर डँग त्याच्याकडे आला, मग विनोदी भूमिका, मग वाटेल ते. ‘हम आपके हैं कौन’मध्ये तो आणि रीमा नवरा-बायकोच आहेत. दोघंही तिशीच्या आतच पडद्यावर आईबाप झालेले. पण त्याला पुढे सगळ्या वाटा मोकळ्या राहिल्या आणि हिच्यासाठी एकच दार उघडं राहिलं. सहायक भूमिकेसाठी फिल्मफेअरची चार नामांकनं, पुरस्कार एकदाही नाही.

पडद्यामागे:
तुम्ही दोघंही सिनेमावरच भांडताय. टीव्ही कुठे गेला?

१९९४मध्ये त्या मोठ्या पडद्यावर माधुरीची आई होत्या. त्याच सुमारास दूरदर्शनच्या ‘श्रीमान श्रीमती’मध्ये शेजारचा नवरा त्यांच्या कोकिळा कुलकर्णीवर लट्टू झालेला दाखवलाय! सिनेमावाल्यांना म्हातारी दिसली, टीव्हीवाल्यांना देखणी मध्यमवर्गीय बायको दिसली. ‘तू तू मैं मैं’ची सासू देवकीही तशीच. सून झालेल्या सुप्रियाशी होणाऱ्या त्या भांडणांत रीमाताई वाक्य संपता संपता जी मान वळवायच्या, त्यात नाटकवाल्याचं टायमिंग स्वच्छ कळतं. सिनेमात चार प्रसंग मिळायचे, इथे अख्खा भाग त्यांच्या खांद्यावर असायचा. विनोदी नटी म्हणून त्यांचं नाव आधी घेतलं पाहिजे. तेच आपण घेत नाही, मग दोष एकट्या सिनेमाला का?

चाफा:
हे शंभर टक्के. आणि शेवटची ‘नामकरण’ मालिकेतली दयावंती मेहता विसरू नका. करारी, धाक वाटावा अशी. अखेरपर्यंत त्या तिचं चित्रीकरण करत होत्या.

तिसरी घंटा, आणखी एक. त्या बँकेत नोकरी केलेल्या बाई. काय मिळतंय आणि काय सुटतंय याचा हिशेब त्यांना कळत नसेल, असं मला वाटत नाही. नाटकाच्या नाइटवर, म्हणजे प्रयोगामागे मिळणाऱ्या मानधनावर, घर चालवणं किती कठीण हे रंगभूमीवरचा कुणीही सांगेल. त्यांनी डोळे उघडे ठेवून निवड केली. त्यांना बिचारं ठरवणं मला त्यांचा अपमान वाटतो.

तिसरी घंटा:
बिचारं मी त्यांना म्हणतच नाही. टीव्हीचा मुद्दा मान्य, उलट त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. कोकिळा आणि देवकी करू शकणारी नटी समोर असताना सिनेमावाल्यांना ती दिसली नाही.

निवड त्यांची होती म्हणता, पण निवडायला समोर काय ठेवलं होतं? ‘वास्तव’ १९९९चा. एवढं काम बघितल्यावर त्यांच्यासाठी तशा दहा भूमिका लिहिल्या जायला हव्या होत्या. २००३मध्ये ‘कल हो ना हो’ आला, त्यात पुन्हा शाहरुखची आई. चाफा, तो सिनेमा एकदा बघा आणि त्यांच्या वाट्याला किती प्रसंग आलेत ते इथे लिहा.