लिनक्सवर एमएस ऑफिस चालवायचंय, मॅक्रोवाल्या एक्सेलचं काय करू?

मिंटवर_नवा:
नमस्कार मंडळी. लॅपटॉप जुना, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही म्हणून विंडोज ११ घेत नाही, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा सरळ लिनक्स मिंट टाकलं. बाकी सगळं मस्त चाललंय, मशीन आधीपेक्षा हलकं वाटतंय, परत जायची इच्छा अजिबात नाही. अडलंय ते ऑफिसपाशी. माझं काम भाषांतराचं, वर्डच्या फाईल्स येतात, त्यात ट्रॅक चेंजेस लावून परत पाठवायच्या, आणि दर महिन्याला एक एक्सेल येते जिच्यात मॅक्रोची, म्हणजे फाईलमध्येच लिहून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामची, बटणं आहेत, बटण दाबलं की फॉर्म उघडतो, त्यात आकडे भरले की बिल तयार. लिब्रेऑफिसमध्ये (लिनक्सवरचं फुकट ऑफिस) वर्डची फाईल उघडली तर ४८ पानांची ५३ झाली, अनुक्रमणिका सगळी चुकली, आणि एक्सेलचं बटण दाबलं की एरर. दोन दिवस वाईन (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) घेऊन बसलोय पण ऑफिस ३६५ चा इन्स्टॉलर अर्ध्यावर येऊन थांबतो. रॅम ८ जीबी. कुणी असं रोजच्या कामासाठी खरंच वापरतंय का?

जुना_पेंग्विन:
३६५ च्या मागे वाईन घेऊन लागू नका, त्यात वेळ फार जातो. वाईन हे एम्युलेटर नाही, प्रोग्राम विंडोजकडे जे जे मागतो ते लिनक्सच्या भाषेत करून देणारा थर आहे तो. १९९३ पासून काम चालू आहे आणि १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं, यावरून काम किती किचकट ते बघा. नवं ऑफिस इन्स्टॉल होताना, लायसन्स तपासताना, अपडेट घेताना विंडोजच्या इतक्या आतल्या गोष्टी मागतं की कुठेतरी अडतंच. ऑफिस २०१० ची ३२ बिटची आवृत्ती मात्र माझ्याकडे कित्येक वर्षं नीट चालली. तिच्यासाठी वेगळा ३२ बिटचा प्रीफिक्स (वाईनचं विंडोजसारखं फोल्डर), विनबाइंड पॅकेज आणि रिचएड२० ची विंडोजवाली डीएलएल, एवढं लागलं होतं. पण तिचा सपोर्ट ऑक्टोबर २०२० मध्येच बंद झालाय, त्यामुळे बाहेरून आलेल्या मॅक्रोच्या फाईल्स तिच्यात उघडा असं मी तरी सांगणार नाही. पैसे खर्चायची तयारी असेल तर क्रॉसओव्हर बघा, तेही वाईनवरच बांधलेलं आहे, पण कुठलं ऑफिस कितपत चालतं याची यादी ते देतात आणि विकत घ्यायच्या आधी ट्रायल मिळते.

अक्षरजुळणी:
पानं वाढतात त्यात लिब्रेऑफिसचा दोष कमी आणि फॉन्टचा जास्त, हे आधी तपासा, बाकी सगळं नंतर. फाईल उघडा, एखाद्या परिच्छेदात कर्सर ठेवा आणि वर फॉन्टचं नाव तिरक्या अक्षरात दिसतंय का बघा. तिरकं असेल तर तो फॉन्ट तुमच्या मशीनवर नाही आणि दुसराच कुठलातरी बदली बसलाय. कॅलिब्री आणि कॅम्ब्रिया लिनक्सवर नसतात, आणि गंमत अशी की मायक्रोसॉफ्टच्या फॉन्टचं जे पॅकेज सगळे टाकायला सांगतात त्यातही हे दोन नाहीत, त्यात एरियल, टाइम्स न्यू रोमन वगैरे येतात. त्यासाठी कार्लिटो आणि कॅलेडिया टाका, त्यांच्या अक्षरांची रुंदी तंतोतंत तीच ठेवलेली आहे म्हणून ओळी जिथल्या तिथे तुटतात.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळं. समोरच्यानं मंगलमध्ये टाइप केलेलं असतं, आपल्याकडे मंगल नसतो, त्या जागी लोहित किंवा नोटो येतो, त्यांची रुंदी वेगळी, ओळीची उंची वेगळी, मग एकेका पानावर दोनतीन ओळी पुढे सरकतात आणि शेवटी पाच पानं वाढतात. माझ्या एका दीडशे पानी कामात असंच झालं आणि अख्खी रात्र अनुक्रमणिका हातानं दुरुस्त करण्यात गेली, त्याचं मला अजून वाईट वाटतं कारण उपाय दोन मिनिटांचा होता. समोरच्याला सांगा की वर्डमध्ये सेव्हच्या ऑप्शन्समध्ये फाईलमध्ये फॉन्ट एम्बेड करायची सोय आहे, तिथे टिक करून पाठवा. लिब्रेऑफिस ते फॉन्ट वाचतं. नाहीतर दोघांनी मिळून नोटो सॅन्स देवनागरी ठरवून टाका, तो फुकट आहे आणि दोन्हीकडे चालतो.

मिंटवर_नवा:
तिरकंच दिसतंय!! मजकूर मंगल आणि शीर्षकं कॅम्ब्रियात आहेत. कॅलेडिया टाकला आणि त्यांच्याकडून एम्बेड केलेली फाईल मागवली, आत्ता ४८ च्या ४८ पानं, ट्रॅक चेंजेसही नावासकट दिसतायत. मनापासून आभार. आता एक्सेल तेवढी राहिली, ओन्लीऑफिस (दुसरं एक फुकट ऑफिस) टाकून बघू का?

तक्तेवाला:
ओन्लीऑफिस चांगलं आहे पण या कामाचं नाही, त्याचे मॅक्रो जावास्क्रिप्टमध्ये असतात, व्हीबीए, म्हणजे एक्सेलचे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात ती, चालत नाही. ब्राउझरमधल्या एक्सेलचंही तेच, फाईल उघडते, आतला व्हीबीए शाबूत राहतो पण बटण दाबून तो चालत नाही. लिब्रेऑफिस थोडाफार व्हीबीए समजून घेतं, साधे लूप, सेलमध्ये आकडे भरणं वगैरे, पण तुमच्याकडे फॉर्म आहे आणि तिथेच ते सगळ्यात कच्चं आहे.

महिन्यातून एकदाच लागतंय ना, मग व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लिनक्सच्या आत चालणारा विंडोजचा आभासी संगणक, करा आणि मोकळे व्हा. आधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघा, बंद असेल तर मशीन सुरूच होणार नाही किंवा कासवासारखं चालेल आणि दोष उगाच सॉफ्टवेअरला जाईल. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हर्ट मॅनेजर, दोन्हीपैकी काहीही. विंडोजला ४ जीबी रॅम द्या आणि ते चालू असताना ब्राउझरचे ढीगभर टॅब बंद ठेवा, ८ जीबीत एवढं सांभाळावंच लागतं. विंडोज आणि ऑफिस दोन्हीचं लायसन्स आतमध्येही लागतं हे लक्षात ठेवा. आत विंडोज १० टाकणार असाल तर ऑफिस अ‍ॅक्टिव्हेट झाल्यावर त्या विंडोजचं नेटवर्क काढून टाका (ऑफिस ३६५ असेल तर लायसन्स तपासायला ३० दिवसांतून एकदा तरी परत जोडावं लागतं), फाईल्सची ने-आण शेअर्ड फोल्डरमधून करा. आणि सगळं लागलं की लगेच एक स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घ्या, पुढे काही बिघडलं तर एका मिनिटात मागे येता येतं.

जुना_पेंग्विन:
यात विनअ‍ॅप्सची भर घालतो. त्यानं व्हर्च्युअल मशीनमधलं एक्सेल लिनक्सच्या साध्या खिडकीसारखं दिसतं, आत रिमोट डेस्कटॉप वापरतात म्हणून विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होम चालत नाही. पण त्यासाठी आतलं नेटवर्क चालू ठेवावं लागतं, त्यामुळे महिन्यातून एका फाईलसाठी मी तो खटाटोप करणार नाही.

मिंटवर_नवा:
मशीन केलं. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन खरंच बंद होतं. बटण दाबलं, फॉर्म उघडला, बिल निघालं. स्नॅपशॉट घेतलाय आणि वाईनचा प्रीफिक्स काढून टाकलाय.