अमेरिकेत ट्रक कंपनीचे प्रशिक्षण: आठवड्याचा ठोक पगार, ट्रेनर आणि वर्षभराचा करार

नवशिका

नमस्कार मंडळी. मी ग्रीन कार्डावर अमेरिकेत राहतो. गोदामातील नोकरी सोडून ट्रकचालक व्हावे हा विचार आता बराच पक्का झाला असून एका मोठ्या वाहतूक कंपनीच्या प्रशिक्षण योजनेत मला प्रवेशही मिळाला आहे. योजना अशी आहे: सीडीएल, म्हणजे व्यावसायिक वाहनपरवाना, मिळवून देणाऱ्या शाळेची फी कंपनी भरणार, शाळेच्या तीन-चार आठवड्यांत पगार नाही, केवळ राहण्याची सोय, परवाना हाती आला की ट्रेनरसोबत काही आठवडे लांब पल्ल्याच्या फेऱ्या आणि त्या काळात आठवड्याला ६०० डॉलर ठोक, त्यानंतर स्वतंत्र ट्रक आणि मैलामागे ठरलेला दर. याच्या बदल्यात एक वर्ष नोकरी करण्याचे बंधन आहे आणि मध्येच सोडल्यास फीची रक्कम भरून द्यावी लागेल.

रात्रंदिवस ट्रकमध्येच राहायचे असताना आठवड्याला ६०० डॉलर हे किमान वेतनाच्या कायद्यात बसतात का, ट्रेनरसोबतचे आठवडे प्रत्यक्षात कसे जातात आणि करारात नेमके काय वाचून घ्यावे, एवढे मला समजून घ्यायचे आहे. भरती विभागाला काहीही विचारले तरी बोलणे फिरून पहिल्या वर्षाच्या कमाईच्या आकड्यावरच येते, म्हणून या व्यवसायातील जाणकारांना विचारत आहे.

अठराचाकी

६०० डॉलर पुरेसे आहेत की नाहीत हे कामाचे तास म्हणून काय धरले जाते यावर ठरते, आणि भरती विभाग नेमके तेच सांगायचे टाळतो. संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर थांबले आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्या मोठ्या ट्रकच्या चालकांना १९३८ च्या कामगार कायद्यातील जादा तासांच्या दीडपट मोबदल्याची तरतूद सहसा लागू होत नाही. किमान वेतनाची तरतूद मात्र लागू होते. आठवड्याची एकूण मजुरी कामाच्या एकूण तासांनी भागून ती पाळली गेली की नाही हे पाहतात. रोज ट्रक चालवणाऱ्या कंपन्यांत चालकाचे आठ दिवसांत ७० तास काम झाले की त्याला पुढे गाडी चालवता येत नाही. सोयीसाठी आठवड्याचेच ७० तास धरले तर कायद्याची किमान मजुरी ५०७.५० डॉलर होते. तुमचे ६०० डॉलर त्याच्या वर आहेत खरे, पण ताशी साडेआठ डॉलरच्या आसपासच पडतात. अनेक राज्यांचे स्वतःचे किमान वेतन आज याच्या दुपटीच्या घरात आहे, हे गोदामात काम केलेल्या माणसाला मी सांगायला नको.

खरा वाद आहे तो बर्थवर, म्हणजे ट्रकमधील झोपण्याच्या जागेत, घालवलेल्या वेळेचा. झोपण्याची नीट सोय असेल तर चोवीस तासांच्या ड्युटीतून झोपेचे जास्तीत जास्त आठ तास वगळता येतात, असा जुना नियम आहे. अमेरिकी कामगार खात्याने २०१९ मध्ये दिलेल्या एका मतानुसार बर्थमधील सगळाच वेळ कामाबाहेरचा ठरत होता. ते मत खात्याने २०२१ मध्ये मागे घेतले. दहा तास बर्थमध्ये पडून राहावे लागले, पण ट्रक दुसरा माणूस चालवत होता आणि उतरून कुठे जाण्याची मुभा नव्हती, तर त्यातील आठांच्या वरचे तास कोणाचे, हा प्रश्न कोर्टांपर्यंत गेलेला आहे आणि प्रशिक्षणार्थींनी त्यावर सामूहिक दावेही लावलेले आहेत. तुमचे ६०० डॉलर कायद्यात बसतात की नाहीत हे कित्येकदा या दोन तासांवर ठरते.

म्हणून लॉगकडे, म्हणजे काम आणि विश्रांतीच्या तासांच्या नोंदीकडे, पहिल्या दिवसापासून लक्ष द्या. २०१७ च्या डिसेंबरपासून बहुतेक ट्रकांवर इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा झाला. गाडी हलली की तो आपोआप नोंद घेतो; गाडी उभी असताना काय लिहायचे ते मात्र अजूनही माणसाच्या हातात असते. डॉकवर माल उतरवला जात असताना तुम्ही कागदपत्रे घेऊन खिडकीपाशी उभे असता आणि ट्रेनर म्हणतो, "बर्थमध्ये टाक, तास वाचतील." ते तास कंपनीचे वाचतात. तुमच्या नावावर मात्र खोटी नोंद राहते आणि मजुरीचा हिशेबही त्याच नोंदीवरून होतो. ट्रेनर चालवत असताना शेजारी बसून शिकण्याचा वेळदेखील कामातच धरला जातो. सलग सात तास बर्थमध्ये काढण्याच्या लगेच आधी किंवा नंतर शेजारच्या सीटवर घालवलेले तीन तासांपर्यंतच काय ते विश्रांतीत मोजता येतात. खिशात एक लहान वही ठेवून रोजच्या वेळा लिहून ठेवाव्यात. पुढे पगारावरून वाद झालाच तर तेवढा एक कागद तुमच्या बाजूने असतो.

माजी ट्रेनर

पगाराविषयी वरच्या उत्तरात पुरेसे आले आहे. मी ट्रेनरच्या बाजूने लिहितो, कारण ती बाजू कळल्याशिवाय तुमचे ते आठवडे समजणार नाहीत. बऱ्याच कंपन्यांत ट्रेनरला मिळणारा जादा पैसा शिकवण्याचा नसतो. ट्रकने कापलेले सगळे मैल, म्हणजे तुम्ही चालवलेलेसुद्धा, त्याच्या हिशेबात धरले जातात आणि तुम्हाला ठोक रक्कम मिळते. एका चालकाला दहा तासांच्या विश्रांतीनंतर चौदा तासांच्या मुदतीत जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवता येते. चालक दोन असले की ट्रक जवळजवळ थांबतच नाही. नवा चालक अशा ट्रकवर आला की शिकवण्यासाठी थांबायचे की मैल भरून काढायचे, हा प्रश्न ट्रेनरपुढे रोज उभा राहतो, आणि सगळेच ट्रेनर त्याचे उत्तर सारखे देत नाहीत.

यात कायद्याची एक रेषा लक्षात ठेवा. शिकाऊ परवाना असताना सीडीएलधारकाने तुमच्या शेजारी पुढच्या सीटवर बसलेच पाहिजे. पूर्ण परवाना मिळाला की संघराज्याच्या नियमाची ही सक्ती संपते, आणि त्याच दिवसापासून काही ट्रेनर पडदा ओढून झोपी जातात. तेव्हा कंपनीला असे विचारा: परवाना मिळाल्यानंतर किती दिवस किंवा किती तास ट्रेनर शेजारी जागा राहील, आणि ते लेखी कुठे आहे? ज्या कंपनीने याचा नियम केलेला असतो, ती उत्तर द्यायला अडखळत नाही.

शाळेवर फार विसंबू नका. ७ फेब्रुवारी २०२२ पासून प्राथमिक प्रशिक्षणाचा संघराज्याचा नियम लागू झाला आणि नोंदणी झालेल्या संस्थेतच शिकणे बंधनकारक ठरले, ही चांगली गोष्ट झाली. पण त्या नियमात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान तास ठरवलेले नाहीत, प्रशिक्षकाने कौशल्य आले असे म्हटले की पुरे होते. परिणामी परीक्षेतील ठरावीक जागेत ट्रेलर मागे घेता येतो, पण रात्री भरलेल्या ट्रक स्टॉपवर, दोन्ही बाजूंना जेमतेम हातभर जागा असताना, आंधळ्या, म्हणजे चालकाला न दिसणाऱ्या बाजूने ट्रेलर लावायची वेळ आली की हात थरथरतात. आजूबाजूचे चालक काचेतून बघत असतात, ट्रेनर घड्याळ बघत असतो, आणि बरेच नवे चालक खाली उतरून पाहायला लाजतात. उतरा. चार वेळा उतरावे लागले तरी उतरा. नव्या चालकांचे पुष्कळसे अपघात ट्रक मागे घेताना होतात, वेग नसतो तेव्हा, आणि लहानशी खरचटही नोंदीत चढते.

ट्रेलर जोडण्याचेही तसेच आहे. ट्रक ट्रेलरखाली घातला, खट्ट असा आवाज आला, पुढे ओढून पाहिले की ट्रेलर अडतो, एवढ्यावर समाधान मानणारे चालक मी पाहिले आहेत. बॅटरी घेऊन खाली वाका. फिफ्थ व्हील (ट्रकवरील ट्रेलर जोडायची तबकडी) आणि ट्रेलर यांच्यामध्ये फट नसावी आणि आतले जबडे किंगपिनच्या (ट्रेलरखालच्या जोडखिळ्याच्या) मानेभोवती मिटलेले डोळ्यांनी दिसले पाहिजेत. किंगपिन वर राहून नुसता टेकलेला असला तरी ट्रक एकदा ओढू देतो आणि पुढच्या वळणावर ट्रेलर सोडतो. ट्रेनरने हे पहिल्या दिवशी स्वतः वाकून दाखवले नाही, तर तो ट्रेनर बदलून मागायला हरकत नाही. ट्रेनर बदलून मागणे हा उद्धटपणा नव्हे. वागणूक, स्वच्छता, सिगारेट, झोप यांपैकी कोणत्याही कारणाने ते मागता येते. फक्त प्रवेश घेण्यापूर्वी विचारून घ्या की बदल होईपर्यंतच्या दिवसांचा पगार चालू राहतो का.

धावत्या ट्रकमध्ये पहिले काही दिवस धड झोप लागत नाही, त्याला इलाज नाही. झोप झाली नसेल तर ट्रेनरला तसे सांगा आणि गाडी हातात घेऊ नका. थकलेल्या चालकाने गाडी चालवू नये, हा संघराज्याचाच नियम आहे.

हिशेबनीस

मी एका छोट्या वाहतूक संस्थेच्या पगाराचे काम पाहते, त्यामुळे करार आणि पगारपत्रक या दोहोंविषयीच लिहिते. करारात पहिल्यांदा हे पाहावे की फीची रक्कम दर महिन्याला कमी होत जाते, की अकराव्या महिन्यात सोडले तरी पूर्ण भरावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुम्ही स्वतः सोडण्याऐवजी कंपनीने काढले, परीक्षेत नापास झालात किंवा वैद्यकीय दाखल्याचे नूतनीकरण झाले नाही, तरी देणे तुमच्याच माथी राहते का, हे शोधावे. हा दाखला जास्तीत जास्त २४ महिन्यांचा असतो, आणि रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास त्याहून कमी मुदतीचा मिळू शकतो. शेवटच्या पगारातून वसुली, थकबाकीवर व्याज आणि वसुली संस्थेकडे नाव पाठवणे ही कलमे बहुधा मागच्या पानावर असतात.

मैलाच्या दराबाबत एवढेच सांगते की पगाराचे मैल आणि ट्रकच्या मीटरवरील मैल बहुधा जुळत नाहीत. काही कंपन्या दोन शहरांच्या पिनकोडमधले अंतर धरतात, काही प्रत्यक्ष मार्गाचे. समजा दर ५० सेंट आहे आणि आठवड्यात २,५०० मैल भरले, तर १,२५० डॉलर होतात; पण डॉकवर अर्धा दिवस गेला तर ते मैल भरतच नाहीत. थांबण्याचा मोबदला साधारण दोन तासांनंतर सुरू होतो आणि नव्या चालकाला तो आपणहून मिळेलच असे नाही, मागावा लागतो. तुम्हाला सांगितलेला वार्षिक आकडा पारखायचा असेल तर अमेरिकी सरकारच्या मे २०२३ च्या आकडेवारीत जड ट्रकचालकांचे मध्यम वार्षिक वेतन ५४,३२० डॉलर होते, हे समोर ठेवा. त्यात जुने-जाणते चालकही आले. पहिल्या वर्षात, त्यातही प्रशिक्षणाचे महिने धरून, याच्या बरेच वर जाण्याचे वचन कोणी देत असेल तर मागच्या वर्षीच्या नव्या चालकांची सरासरी लेखी मागावी.

पगाराचा काही भाग "पर डीएम", म्हणजे प्रवासातील रोजच्या खर्चाचा भत्ता, म्हणून दिला जात असेल तर त्यावर कर लागत नाही आणि हातात थोडे अधिक पडतात. पण तेवढ्याच रकमेने कागदोपत्री वेतन कमी दिसते. घरकर्ज, बेकारभत्ता आणि सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) या तिन्ही ठिकाणी त्याचा फटका बसतो. नोकरीतील चालकांना रस्त्यावरचा जेवणखर्च स्वतःच्या करातून वजा करण्याची सवलत २०१८ पासून मिळत नाही, म्हणून हा पर्याय सरसकट वाईट आहे असेही मी म्हणणार नाही. तो ऐच्छिक आहे की सक्तीचा, हे विचारून घ्या.

नवशिका

तिघांचेही मनापासून आभार. करार पुन्हा वाचला. त्यात फी दर महिन्याला कमी होत जाते, पण ते वर्ष "स्वतंत्र ट्रक मिळाल्याच्या दिनांकापासून" मोजले जाईल असे लिहिले आहे. हे नेहमीचेच असते का?

हिशेबनीस

काही करारांत असते, आणि तुमच्या दृष्टीने ते गैरसोयीचे आहे, कारण शाळा आणि ट्रेनरसोबतचे सगळे आठवडे बंधनात मोजलेच जात नाहीत. ट्रक उपलब्ध नसल्यामुळे थांबावे लागले तर तो काळही तुमच्याच खात्यावर चढतो. परवाना मिळाल्याच्या दिवसापासून मोजणी करा, असे ईमेलने मागून पाहावे. निदान स्वतंत्र ट्रक किती दिवसांत मिळेल याची कमाल मुदत तरी लेखी घ्यावी. नाही म्हणाले तर ते नाही लेखी मिळते, आणि दुसऱ्या कंपनीशी बोलताना तेही उपयोगी पडते.

अठराचाकी

सही करण्यापूर्वी जवळच्या कम्युनिटी कॉलेजच्या सीडीएल वर्गाची फीही विचारून घ्या. सरकारच्या रोजगार कार्यालयातून त्यासाठी अनुदान मिळण्याची शक्यता असते. स्वतःचा परवाना घेऊन येणाऱ्याला अनेक कंपन्या फी दरमहा थोडी थोडी परत करतात. तेथे नोकरी सोडली तर उरलेले हप्ते बुडतात एवढेच, कोणाचे देणे अंगावर राहत नाही. ट्रेनरसोबतचे आठवडे मात्र तिथेही चुकत नाहीत, त्यामुळे वर ट्रेनरविषयी लिहिलेले प्रश्न त्या कंपनीलाही विचारावे लागतील.